नेमबाजी, तुमचे प्रश्न: पहिली रायफल घेताना

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. मुलासाठी, मुलीसाठी किंवा स्वतःसाठी पहिली रायफल घ्यायची आहे, कोणती घेऊ? अनेकांनी थेट कंपनीचं नाव मागितलं आहे. तेवढ्यावर मी उत्तर देत नाही, कारण एकाच्या अंगाला चपखल बसलेली रायफल दुसऱ्याला वर्षभर चुकीचं उभं राहायला शिकवू शकते. म्हणून काही पत्रं निवडून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी बारा वर्षांची आहे. काही महिन्यांपासून ती क्लबमध्ये १० मीटर एअर रायफल शिकते आहे. तिथली रायफल चौघींना मिळून वापरावी लागते, म्हणून तिला स्वतःची घेऊन द्यावी असं वाटतं. तिचे बाबा म्हणतात, घ्यायचीच तर एकदम वरच्या दर्जाची मोठ्यांची घेऊ, म्हणजे पुढची दहा वर्षं बघायला नको. तुमचं मत काय? (एक आई)

उत्तर: ताई, स्वतःची रायफल घ्यावी हे मला पटतं. दहा वर्षांचा हिशेब मात्र पटत नाही. वाढत्या पायाला दोन नंबर मोठे बूट घेतले तर मूल फार तर अडखळतं, पण मोठी रायफल मुलीची पाठ वाकवते.

आधी वजनाचं पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटर एअर रायफलचं वजन जास्तीत जास्त ५.५ किलो असू शकतं. ही वरची मर्यादा आहे. दुकानात मात्र ती गाठायची असते अशा थाटात बोललं जातं. मोठ्यांच्या मॅच रायफली, म्हणजे स्पर्धेसाठीच्या रायफली, साधारण साडेचार किलोच्या पुढे असतात. बारा वर्षांच्या सडपातळ मुलीच्या हातात ती दिली, की तोल सांभाळायला ती कमरेतून मागे झुकते आणि सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. मोठ्यांच्या स्पर्धेत साठ शॉट्ससाठी पंचाहत्तर मिनिटं असतात. तितका वेळ तशा अवस्थेत सराव करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. गुण वाढत नाहीत, पाठदुखी मात्र वाढते. तिच्यासाठी साडेतीन ते चार किलोच्या आसपासचं ज्युनिअर मॉडेल बघा. वजन नंतर वाढवता येतं, बहुतेक रायफलींना छोटी वजनं जोडायची सोय असते.

आता मापाचं. रायफल हातात दिल्यावर तिला लगेच लक्ष्याकडे बघू देऊ नका. तिला तिच्या नेहमीच्या पद्धतीने उभं राहू द्या, बट, म्हणजे रायफलचं मागचं टोक, खांद्याला, गाल चीकपीसवर, म्हणजे गाल टेकवायच्या उंचवट्यावर, आणि डोळे मिटायला सांगा. दोन-तीन श्वास झाले की डोळे उघडायला सांगा. मान न हलवता पीप साइटच्या, म्हणजे मागच्या बाजूच्या नेम धरायच्या चकतीच्या, छिद्रातून सरळ दिसत असेल तर चीकपीसची उंची बरोबर. दिसण्यासाठी तिला हनुवटी वर करावी लागली, गाल दाबावा लागला किंवा मान पुढे काढावी लागली, तर रायफल तिच्या मापाची नाही, किंवा अजून तिच्या मापाला लावलेली नाही. डोकं शक्य तितकं ताठ राहायला हवं. वाकड्या मानेने पंचाहत्तर मिनिटं कुणी नीट पाहू शकत नाही.

दुसरी तपासणी डाव्या हाताची. उभ्याने नेम धरताना डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफलचं ओझं स्नायूंऐवजी हाडांवर जातं. लहान मुलांचा हात आखूड असतो, त्यामुळे कोपर टेकवलं की रायफल डोळ्याच्या खाली राहते. मग मूल कोपर हवेत उचलतं. अशा वेळी हाताच्या आणि रायफलच्या मध्ये बसणारा उंचवटा, ज्याला पाम रायझर म्हणतात, तो लावता येतो का ते बघून घ्या. बटची लांबी, बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीची) उंची, चीकपीस, पाम रायझर हे सगळं हलवता येणारा स्टॉक, म्हणजे रायफलचा दस्ता, असेल तर तीच रायफल तिला तीन-चार वर्षं आरामात पुरेल.

बाबांच्या मनात कदाचित असं असेल की ज्युनिअर मॉडेल म्हणजे कमी अचूक. तसं नाही. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे खरं, पण पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, साडेचार मिलिमीटर रुंद आहे आणि ठिपक्याला त्याची कड लागली तरी दहा मिळतात. म्हणजे पेलेटचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. चांगल्या कंपनीच्या ज्युनिअर रायफलची नळी टेकूवर ठेवून मारलं तर पाच शॉट्स जवळपास एकाच भोकात टाकते. उरलेली चूक कुठून येते ते उभं राहण्यात, श्वासात आणि ट्रिगरवरच्या बोटात शोधायचं, आणि त्यासाठीच तर सराव.

स्वतःची रायफल का हवी, याचं माझं कारण वेगळं आहे. क्लबच्या रायफलवर चौघींचं माप दररोज बदलतं. एकीने चीकपीस वर केला, दुसरीने बट लांबवला, तिसरीने साइटचे क्लिक, म्हणजे नेम थोडा थोडा सरकवणारे टप्पे, फिरवले. तुमच्या मुलीचा अर्धा सराव स्वतःचं माप पुन्हा शोधण्यात जातो. तोपर्यंत एक वही करा आणि तिची सगळी मापं मिलिमीटरमध्ये व क्लिकमध्ये लिहून ठेवायला लावा. ही सवय असलेलं मूल कुणाच्याही रायफलवर उभं राहू शकतं. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकआधी काही महिने अमेरिकेच्या मॅट एमन्सच्या रायफलची कुणीतरी नासधूस केली होती. त्याने एका सहकारी खेळाडूची रायफल मागून घेतली आणि त्याच रायफलवर ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरायच्या प्रकारात, सुवर्णपदक जिंकलं. त्यामुळे तुमची रायफल यायला सहा महिने लागले तरी मुलीचं काही बिघडत नाही. दरम्यान तिला सपाट तळव्याचे नेमबाजीचे बूट आणि हातमोजा घेऊन द्या. जॅकेट आत्ता नवं शिवून घेऊ नका, ती वाढते आहे. क्लबमधल्या मोठ्या मुलीचं जुनं जॅकेट अंगासरशी बसत असेल तर उत्तम.

प्रश्न: मॅडम, मी कॉलेजला आहे. जाहिरातीत एक एअर रायफल पाहिली: ५.५ मिलिमीटर कॅलिबर (नळीचा व्यास), वेग १००० फूट प्रतिसेकंद, सोबत दुर्बीण मोफत. टार्गेट शूटिंग शिकायला ही चालेल ना? (एक विद्यार्थी)

उत्तर: नाही चालणार, आणि का ते नीट समजून घे.

ऑलिंपिकच्या १० मीटर प्रकारात, ज्यात अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्ण मिळवलं, फक्त ४.५ मिलिमीटर कॅलिबर चालतं. ५.५ ची रायफल घेऊन तुला त्या स्पर्धेत उभंच राहता येणार नाही. दुर्बीणही तिथे चालत नाही. मागे पीप साइट आणि पुढे गोल कडी, एवढंच. त्यातून शिकतानाही दुर्बीण नकोच. ती लक्ष्याबरोबर तुझ्या हाताचं थरथरणंही मोठं करून दाखवते, आणि नवा नेमबाज ते थरथरणं थांबण्याच्या क्षणी ट्रिगर ओढायला बघतो. ही सवय एकदा लागली की ती काढायला फार घाम गाळावा लागतो.

वेगाचा मोह सगळ्यांना होतो. पण जगातल्या उत्तम मॅच एअर रायफलींचा वेग सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर असतो, म्हणजे तुझ्या जाहिरातीतल्या आकड्याच्या निम्म्याच्या जवळपास. १० मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला तेवढा पुष्कळ झाला. जास्त वेगासाठी जोरदार स्प्रिंग लागते, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. ट्रिगर ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो, बंदूक मागे जाते, पिस्टन आपटला की ती पुढे जाते. पेलेट अजून नळीत असतानाच ही हालचाल सुरू झालेली असते. त्यामुळे अशी रायफल दर वेळी अगदी सारखी धरली नाही तर पेलेट दर वेळी वेगळीकडे जातो. शिकणाऱ्याला कळत नाही की चूक आपली की बंदुकीची. शिकण्याच्या पहिल्या वर्षी हाच गोंधळ सगळ्यात घातक.

शिवाय स्प्रिंगची रायफल पेलेट न भरता उडवायची नसते. पुढे हवेची उशी नसल्यामुळे पिस्टन आपटून आतले भाग खराब होतात. आणि आमच्याकडे तर निम्मा सराव ड्राय फायरचा: पेलेट नाही, समोर भिंतीवर छोटा काळा ठिपका, नेम धरायचा, ट्रिगर सोडायचा आणि सुटल्यानंतरही नजर जागेवर ठेवायची. मॅच रायफलमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते.

मग काय घ्यायचं? दोन रस्ते आहेत. एक, लिव्हरच्या एका ओढीत हवा दाबून धरणारी रायफल, म्हणजे सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक. झटका जवळजवळ नाही, सिलिंडरची भानगड नाही, दर शॉटला हवा सारखीच. कष्ट फक्त लिव्हर ओढण्याचे, आणि दर शॉटनंतर पुन्हा पवित्रा बांधण्याचे, जे शिकणाऱ्याच्या फायद्याचंच आहे. दुसरा, आधी भरलेल्या सिलिंडरची, पीसीपी. यात साधारण २०० बारपर्यंत हवा भरतात आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखाच दाब देतो. आज स्पर्धांत हीच दिसते. पण ती भरायची कुठे, हे आधी विचार. क्लबमध्ये हवेची मोठी टाकी किंवा कॉम्प्रेसर असेल तर प्रश्न नाही. हातपंपाने भरता येतं, पण २०० बार हातपंपाने म्हणजे चांगलाच व्यायाम आहे. आणि पंपातल्या ओलाव्याकडे लक्ष ठेवावं लागतं, नाहीतर आत गंज धरतो.

ट्रिगरबद्दल एक सूचना. मॅच ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपास इतका हलका लावता येतो. तू सुरुवातीला तो थोडा जड ठेव. ट्रिगर ओढण्याचा पहिला टप्पा बोटाला स्पष्ट जाणवला पाहिजे. पुढच्या साइटची कडीही फार लहान निवडू नकोस. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी जागा भरपूर दिसली की डोळा शांत राहतो. कडी घट्ट असली की तू वर्तुळ मधोमध बसवण्याच्या नादात शॉट सोडायचंच विसरतोस.

प्रश्न: माझं वय ४६ आहे, चष्मा आहे. स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं कांस्यपदक पाहिल्यापासून ५० मीटर थ्री पोझिशनच करायची असं मनात आहे. एअर रायफल टाळून थेट पॉइंट टूटूने सुरुवात केली तर? (एक वाचक)

उत्तर: तुमचा उत्साह मला आवडला. २०२४ च्या त्या अंतिम फेरीत गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने असं तिन्ही पवित्र्यांत त्याने जे मन शांत ठेवलं, ते पाहून कुणालाही रायफल उचलावीशी वाटेल. तरीही निदान वर्षभर १० मीटर करा, असंच मी म्हणेन.

पॉइंट टूटू म्हणजे ०.२२ इंची काडतूस, म्हणजे बारूद. त्याची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, त्यामुळे ती फक्त मातीचा बंधारा असलेल्या मंजूर रेंजवरच चालवता येते. कानाला संरक्षण लागतं, बहुतेक देशांत परवाना लागतो. तुम्ही जिथे राहता तिथले नियम रायफल बघायला जाण्याआधी लेखी समजून घ्या. एअर रायफललाही काही ठिकाणी नियम आहेत. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला माहीत नसते: पॉइंट टूटूच्या प्रत्येक नळीला काडतुसांचा एखादा विशिष्ट लॉट, म्हणजे एकाच वेळी बनलेला साठा, मानवतो. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा दुसरा लॉट पसरट ग्रुप, म्हणजे विखुरलेली भोकं, देतो. म्हणून खेळाडू रायफल क्लॅम्पमध्ये बसवून लॉट तपासतात आणि आवडलेला लॉट मोठ्या प्रमाणात घेऊन ठेवतात. हा सगळा व्याप पहिल्या दिवशी नको. एअर रायफलवर उभ्याने स्थिर झालात की ५० मीटरचा सर्वांत अवघड भाग तुमच्या अंगात आलेला असेल.

चष्म्याचं मात्र लगेच करा. नेम धरताना तुम्ही काचेच्या कोपऱ्यातून, नाकाजवळून पाहता. रोजचा चष्मा तिथे नीट काम करत नाही, आणि प्रोग्रेसिव्ह काच तर अजिबात नाही. नेमबाजीसाठी एकाच काचेची फ्रेम मिळते, ती डोळ्यासमोर नजरेला काटकोनात बसवता येते. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की मला पुढची कडी, म्हणजे साधारण हातभराहून थोडी लांब असलेली वस्तू, स्वच्छ दिसायला हवी, आणि लक्ष्य किंचित धूसर दिसलं तरी चालेल. बहुतेकांना लांबच्या नंबरात थोडीशी अधिक भर पुरते. रायफल घेण्याआधी हे करा. नाहीतर डोळ्याचा दोष साइटच्या माथी मारून तुम्ही क्लिक फिरवत बसाल.

प्रश्न: मी डावखुरा आहे. उजव्या हाताची रायफल स्वस्तात मिळते आहे. शिकून घेऊ का? (एक नेमबाज)

उत्तर: आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून फटीतून दूरची वस्तू पाहा, मग एकेक डोळा झाका. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर राहते तो प्रबळ. तो डावा असेल तर डावीच रायफल घ्या. उजवा असेल तर उजव्या हाताने शिकणं जमू शकतं, बरेच जण शिकतात. ग्रिपचा, म्हणजे हाताने धरायच्या मुठीचा, आकार हाताप्रमाणे वेगळा असतो, तो मात्र उलटा करून चालत नाही. काही ज्युनिअर मॉडेलचा स्टॉक दोन्ही हातांना चालतो. कोणत्याही डोळ्याने पाहा, दुसरा मिटू नका, त्याच्यापुढे छोटी पांढरट पट्टी लावा. डोळा मिटला की अर्ध्या चेहऱ्याचे स्नायू ताणलेले राहतात.

प्रश्न: नवी परवडत नाही. वापरलेली मॅच रायफल घेताना काय तपासू? (एक पालक)

उत्तर: वापरलेली चांगली मॅच रायफल ही नव्या साध्या रायफलपेक्षा केव्हाही सरस, हे माझं ठाम मत आहे. एअर रायफलची नळी सहज झिजत नाही. झिजतात ती रबरी सीलं, आणि ती बदलता येतात.

सिलिंडरची असेल तर पहिली नजर सिलिंडरवर छापलेल्या तारखेवर. त्याची मुदत कंपनी ठरवते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, सुरक्षितही नाही. नवा सिलिंडर मिळतो की नाही हे रायफल ठरवण्याआधी विचारा. मग सिलिंडर भरून, दाब लिहून ठेवून रायफल एक रात्र ठेवा. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती दुरुस्त होते, पण भावात धरली पाहिजे. त्यानंतर टेकूवर ठेवून १० मीटरवर सपाट डोक्याच्या मॅच पेलेटने पाच-पाचचे ग्रुप काढा, पेलेट दोन-तीन वेगवेगळ्या डोक्यांच्या मापांचे घ्या, ४.४९ आणि ४.५० असा फरक डब्यावर लिहिलेला असतो. एका तरी पेलेटने भोकं एकमेकांत मिसळली पाहिजेत. कुठल्याच पेलेटने नाही मिसळली तर सोडून द्या, विकणारा काहीही सांगो.

साइटचे क्लिक दोन्ही दिशांना फिरवून बघा: दहा क्लिक उजवीकडे, दहा परत, ग्रुप पहिल्या जागी यायला हवा. लाकडी स्टॉकला ग्रिपजवळ चीर आहे का ते बोटाने चाचपा. १९७० च्या दशकातल्या फाइनवेर्कबाऊ ३०० सारख्या स्प्रिंगच्या मॅच रायफली अजून फिरत असतात. त्यांची यंत्रणा रुळांवर मागे सरकून झटका गिळते, त्यामुळे वर मी साध्या स्प्रिंगच्या झटक्याबद्दल जे लिहिलं ते त्यांना लागू नाही. मोठ्या माणसाला शिकायला त्या अजूनही छान आहेत. लहान मुलांना जड पडतात.

प्रश्न: नातवाने रायफल घरी आणली आहे. घरात दोन लहान मुलंही आहेत. आम्हाला काळजी वाटते. (एक आजोबा)

उत्तर: आजोबा, तुमची काळजी रास्त आहे. रायफल कुलूपबंद कपाटात, पेलेट दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्या माणसाकडे. नातवाला सांगा, पेटीतून बाहेर काढल्याबरोबर बोल्ट, म्हणजे पेलेट भरायची जागा उघडणारा खटका, उघडायचा आणि नळीत भडक रंगाची सेफ्टी दोरी घालायची. स्पर्धेतही ती सक्तीची असते, कारण दुरूनसुद्धा कळतं की रायफल रिकामी आहे. नळीचं तोंड कुणाकडेही वळवायचं नाही, रिकामी असली तरी. घरातला सराव फक्त ड्राय फायरचा, आणि त्या वेळी पेलेटचा डबा त्या खोलीतच नको. एअर रायफलचा पेलेट डोळा कायमचा घालवू शकतो, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा स्पष्ट शब्दांत सांगा.

पेलेट शिशाचे असतात. नेमबाज घाईत ते ओठांत धरतात, ते लगेच बंद करायला लावा. रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय नातवाने धाकट्यांना उचलून घ्यायचं नाही आणि जेवायलाही बसायचं नाही.